हाताने घडवलेल्या शाईपेनाची ऑर्डर देऊन आठ महिने झाले, थांबू की पैसे परत मागू?

तासगावची_लेक

नमस्कार मंडळी. इथलं बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय कारण आता खरंच काही सुचेनासं झालंय.

माझे बाबा ३१ मे ला रिटायर झाले, जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचे. सगळी नोकरी शाईपेनाने लिहिण्यात गेली त्यांची, हजेरीपट सुद्धा शाईनेच, आणि अक्षर असं की गावातल्या लग्नाच्या पत्रिकांवरची नावं, मंडळाचे अहवाल, सत्काराची मानपत्रं सगळं आमच्याच घरी यायचं लिहायला. त्यांच्या जुन्या पेनाचं टोपण चिरलंय. चिकटपट्टी गुंडाळून वापरतात, आणि पट्टीच्या कडेला शाई सुकून सुकून काळी रेघ झालीय, तीच रेघ मग त्यांच्या बोटावर उमटते. ते बघून मी ठरवलं होतं की निवृत्तीला त्यांना एबोनाइटचं म्हणजे कडक रबराचं, लेथवर हाताने घडवलेलं चांगलं पेन द्यायचं.

दक्षिणेतल्या एका छोट्या कारागिराचं पान सापडलं. नाव मुद्दाम देत नाहीये, माणूस वाईट आहे असं मला अजूनही वाटत नाही. हिरव्या-काळ्या लाटांचं एबोनाइट, ड्रॉपरने शाई भरायचं, आणि निब तिरकी घासून, म्हणजे देवनागरीला जाड-बारीक रेघ नीट येईल अशी. दसऱ्याला ऑर्डर दिली, पूर्ण ७,२०० रुपये यूपीआयने भरले, दहा आठवडे लागतील म्हणाले. मी धरलं डिसेंबर, फार तर जानेवारी, मे ला अजून केवढा वेळ आहे.

डिसेंबरमध्ये विचारलं तर एबोनाइटचे रॉड संपलेत, नवीन लॉट यायचाय. फेब्रुवारीत, कारागीर गावी गेलाय. मार्चमध्ये म्हणाले पेन झालं, फक्त निब बाकी आहे. एप्रिलमध्ये तीन आठवडे उत्तरच नाही, मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतायत पण उत्तर नाही, आणि त्याच दिवसांत त्यांच्या पानावर नवीन रंगाच्या पेनांचे फोटो पडतायत, ऑर्डरी चालू आहेत म्हणून. खरं सांगते, त्या फोटोंनी जास्त लागलं मनाला. मे मध्ये फोन लागला एकदाचा, तर "नेक्स्ट वीक मॅडम". मग निरोपसमारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, मुलांनी भाषणं केली, आणि मी बाबांना काहीच दिलं नाही. त्यांना यातलं काही माहीतही नाही.

आता जून अर्धा संपला. एवढा वेळ खरंच लागतो का एका पेनाला? पैसे परत मागितले तर तो चिडून पेन पण देणार नाही आणि पैसे पण, अशी भीती वाटते. ज्यांनी अशी पेनं मागवलीत त्यांनी प्लीज सांगा.

निळी_दौत

ताई, वाचून वाईट वाटलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हो, एवढा वेळ लागू शकतो, पण तुमच्या बाबतीत जे झालंय ते बरोबर झालंय असं मी म्हणणार नाही.

मी पुण्यात असतो, गेली पंधरा वर्षं शाईपेनं जमवतोय आणि वापरतोय, त्यातली निम्मी तरी छोट्या कारागिरांकडून ऑर्डर देऊन घेतलेली. आपल्याकडे हे काम मुळातच थोड्या हातांत आहे. राजमहेंद्री, चेन्नई, हैदराबाद अशा ठिकाणी बाप-लेक किंवा दोन-तीन माणसं मिळून करतात, कारखाना वगैरे काही नसतो. राजमहेंद्रीच्या रत्नम पेनाची गोष्ट तर आपल्या वर्ध्याशी जोडलेली आहे, १९३५ साली गांधीजींनी वर्ध्याहून रत्नम यांना पत्र लिहून कळवलं होतं की ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत तुम्ही पाठवलेलं पेन मी वापरलं आणि बाजारातल्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय आहे. ते काम अजून बऱ्याच अंशी तसंच चालतं, लेथ आणि हात. त्यामुळे दहा आठवडे सांगितले की मी मनात वीस धरतो.

पण थांबणं वेगळं आणि ताटकळत ठेवणं वेगळं. मला दोन्हीचा अनुभव आहे म्हणून सांगतो. एकाने मला अकरा महिने थांबवलं, पण दर वेळी स्वतःहून कळवायचा, दांडा कातला पण आतून पोकळी निघाली म्हणून टाकला, दुसरा रॉड लावलाय, असं. पेन आलं ते आजही रोज खिशाला असतं. दुसऱ्याने कधीच वाईट बातमी दिली नाही, सगळं नेहमी छान चाललेलं, नेहमी पुढचा आठवडा. ते पेन दोन वर्षांनीही आलं नाही आणि पैसेही गेले. तेव्हापासून मी हेच बघतो की समोरचा अडचण सांगतोय का. जो नेमकी अडचण सांगतो तो बहुतेक वेळा काम करतच असतो.

तुमच्या माणसाने मार्चमध्ये पेन झालंय म्हटलं ना, मग त्याला साधं विचारा, झालेल्या दांड्याचा आणि टोपणाचा फोटो पाठवा. निब नसली तरी चालेल. "कधी मिळेल" विचारलं की "पुढच्या आठवड्यात" हेच उत्तर येतं, फोटो मागितला की एकतर फोटो येतो नाहीतर खरं काय ते कळतं.

रोखठोक_डोंबिवली

आठ महिने म्हणजे अतीच झालं. सरळ पैसे परत मागा आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटला नाहीतर पुण्यात अप्पा बळवंत चौकात जाऊन चांगलं पेन हातात धरून, लिहून बघून घ्या. बाबांना पेन हवंय, ते कुठून आलं त्याने काय फरक पडतो. वडील माणसांच्या बाबतीत उशीर करू नये, एवढंच म्हणेन.

लेथवरचा_कोल्हापूर

ताई, मी शिरोली एमआयडीसीत लेथवर काम करतो, आणि गेली सहा वर्षं रविवारी आणि रात्री स्वतःची पेनं करतो, वर्षाला पन्नासेक होतात. म्हणजे तुमच्या त्या माणसाच्या बाजूला मी स्वतः उभा राहिलेलो आहे, लोकांचे पैसे घेऊन उशीर माझ्याकडूनही झालाय, म्हणून आतलं काय असतं ते लिहितो, मोठं होईल पण वाचा.

एबोनाइट म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून तासन् तास तापवून कडक केलेलं. लेथवर लावलं की गंधकाचा वास सुटतो, सगळा शर्ट वास मारतो. ते घाईने कातता येत नाही, ड्रिल जोरात दाबलं की आतून तापतं आणि भोक वाकडं जातं, म्हणून थोडं आत घालायचं, बाहेर काढायचं, भुगा झाडायचा, परत आत. लाटांच्या रॉडमध्ये कधीकधी मध्येच बारीक पोकळी निघते आणि ती दिसते केव्हा, तर अर्धं काम झाल्यावर. मग तो तुकडा गेला. त्यानंतर आटे. टोपणाचे आटे हे सगळ्यात नाजूक काम, एक-दीड फेऱ्यात टोपण बसलं पाहिजे असे आटे पाडायचे तर आट्यांच्या तीन सुरुवाती द्याव्या लागतात, आणि लाटा टोपणापासून दांड्यापर्यंत सलग जुळलेल्या दिसायला पाहिजेत असं गिऱ्हाईक म्हणतं, तर आटे कुठे सुरू होतात तेही मोजावं लागतं. शेवटी पॉलिश पेपर, एकाहून एक बारीक, पाण्यात भिजवून, मग बफिंग. एवढं सगळं धरूनही एक पेन मी दोन दिवसांत पुरं करतो. म्हणजे उशीर कातकामामुळे होत नाही, हे लक्षात घ्या.

उशीर होतो तो निबेपायी. चांगल्या निबा आपण बहुतेक जण जर्मनीतल्या योवो नाहीतर बॉकच्या वापरतो. छोट्या माणसाला त्या दहा-वीस परवडत नाहीत, लॉटने घ्याव्या लागतात, मग पैसे साठेपर्यंत थांबायचं. एम म्हणजे मध्यम निबा आहेत आणि बी म्हणजे जाड संपल्या की बी वाल्यांची सगळी पेनं तयार होऊन डब्यात पडून राहतात, एवढ्याशा निबेसाठी. आणि तुम्ही तर तिरकी घासलेली मागितलीय. निब घासणं हे वेगळंच काम, निबेच्या टोकाला जो कडक धातूचा थेंब असतो तो भिंगाखाली बघत बघत झिजवायचा, जरा जास्त गेला की निब फुकट. कातणाऱ्याला ते येतंच असं नाही, बरेच जण ते बाहेर कुणाला तरी देतात आणि त्या माणसाची रांग वेगळी. माझा अंदाज, तुमचं पेन तिथे अडकलंय.

आता नवीन ऑर्डरींच्या फोटोबद्दल. हे सांगायला जड जातं पण खरं आहे, आमच्यातल्या पुष्कळ जणांचं नव्या ऑर्डरीच्या पैशातून जुन्या ऑर्डरीचा माल येतो. मीही दोन वर्षं तसंच केलं, तेव्हा माझ्याकडे साठ लोक थांबले होते आणि फोन वाजला की पोटात गोळा यायचा, मग मी फोनच उचलायचं सोडलं. ते चुकलंच माझं. नंतर ऑर्डरी बंद केल्या, सहा महिने नुसती जुनी पेनं पुरी केली आणि आता पेन तयार झाल्याशिवाय एक रुपया घेत नाही. हे सांगतोय ते यासाठी की उत्तर न देणारा प्रत्येक जण बुडवणारा नसतो, पण त्याला बोलतं केल्याशिवाय तुमचं पेनही निघणार नाही.

माझं ऐकाल तर त्याला असं लिहा: घासायचं राहू द्या, साधी बी निब बसवून पेन पाठवा. एम नको, बी च घ्या, कारण पुढे घासायचं म्हटलं तर टोकाला माल पाहिजे, बारीक निबेत तिरका काप देण्याइतका मालच नसतो. निब आट्यांच्या युनिटवर बसवलेली असेल तर ती फिरवून सुटी निघते, मग नुसतं युनिट एखाद्या डबीत घालून ज्याला घासता येतं त्याच्याकडे कधीही पाठवता येईल, पेन बाबांकडेच राहील. आणि घासणाऱ्याला आधीच सांगा की देवनागरीसाठी हवंय. आपल्या बोरूला जो काप असतो तो इंग्रजी अक्षराच्या कापाच्या उलट्या बाजूला तिरका असतो, हे न सांगता दिलं तर इंग्रजीच्या हिशेबाने घासून येतं आणि मराठी अक्षर उलटंच दिसतं, जिथे रेघ जाड हवी तिथे बारीक. बाबा उजव्या हाताने लिहितात का तेही कळवा.

बँकेतली_नागपूर

वरचं सगळं पटलं, पण पैशाची बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते, मी बँकेत आहे.

यूपीआयने थेट माणसाच्या खात्यावर पैसे गेले की ते वस्तू आली नाही म्हणून बँक परत ओढून आणत नाही. क्रेडिट कार्डाने भरले असते तर बँकेकडे तक्रार करून रक्कम उलटवून घेता येते, त्यालाही मुदत असते, साधारण १२० दिवस, आणि वस्तू यायची कबूल केलेली तारीख त्यात महत्त्वाची. परदेशातून पेपालने मागवलं असेल तर पैसे भरल्यापासून १८० दिवस. इथेच लोक फसतात, समोरचा "थोडं थांबा, थोडं थांबा" करतो आणि आपण भिडेखातर थांबतो तोवर मुदत निघून जाते. म्हणून पुढच्या वेळी ऑर्डर दिली की त्याच दिवशी कॅलेंडरवर मुदतीच्या पंधरा दिवस आधीची खूण करून ठेवायची.

तुमच्याकडे आता जे आहे ते जपा. सगळे मेसेज, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, "दहा आठवडे" कुठे लिहिलंय तो स्क्रीनशॉट, फोनवर जे बोलणं झालं ते लगेच मेसेजमध्ये लिहून टाकायचं, "आत्ता आपलं बोलणं झालं, तुम्ही अमुक तारीख सांगितली" असं. मग एक शेवटची तारीख देऊन लेखी कळवायचं, पंधरा दिवसांत पेन नाहीतर पैसे. त्यानंतरही काही नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५, तिथे तक्रार नोंदवता येते, आणि त्याहून पुढे जायचं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, त्याच्या गावाला जावं लागत नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरता येते. दोन वर्षांच्या आत करायला हवी, म्हणजे तुम्हाला वेळ आहे, घाबरून आज काही करायची गरज नाही. पण तारीख लेखी मागा, हे मात्र आजच करा.

पैसे मागितले तर तो चिडेल ही भीती मी समजू शकते, माझ्याकडे खातेदार येतात ते पण हेच म्हणतात. तुमचे पैसे आहेत ताई. मागण्यात भांडण नाहीये.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितोय. माझाही अनुभव जोडतो कारण त्यात उशीर कारागिराचा नव्हता.

मी गेल्या वर्षी जुलैमध्ये भारतातल्या एका कारागिराकडे एबोनाइटचंच पेन सांगितलं, त्याने पाच आठवड्यांत करूनही दिलं, ऑगस्टच्या शेवटी पोस्टात टाकायला गेला आणि तिथे कळलं की अमेरिकेची पार्सलं घेणंच बंद आहे. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला इकडे जी करमाफी होती ती २९ ऑगस्ट २०२५ पासून काढली, वसुली कुणी कशी करायची हे कुणालाच धड माहीत नव्हतं, आणि भारतीय पोस्टाने त्याच्या चार दिवस आधीपासून बुकिंग थांबवलं होतं. ते परत सुरू झालं १५ ऑक्टोबरला. मधले दीड महिने माझं पेन त्याच्या टेबलाच्या खणात होतं. पण त्याने पोस्टाच्या खिडकीवरूनच फोन केला मला, समोर तो कारकून बोलतोय ते ऐकू येत होतं, आणि म्हणाला साहेब कुरिअरने पाठवू शकतो पण खर्च जास्त आणि इकडे ड्युटी तुम्हाला पडेल, काय करू सांगा. मी म्हटलं राहू दे, माझी आई ठाण्यात आहे तिच्याकडे पाठव. दिवाळीनंतर आई इकडे आली तेव्हा पर्समध्ये घेऊन आली, रुमालात गुंडाळून, वास येतो म्हणून वेगळ्या कप्प्यात.

एवढ्यासाठी लिहिलं की एक फोन आला म्हणून मला त्या उशिराचं काहीच वाटलं नाही. ताई, तुम्हाला तो फोन यायला हवा होता.

टपालप्रेमी

थोडं अवांतर, पण कुणाच्या कामी येईल. जपानहून वगैरे पेन मागवणाऱ्यांनी, पार्सल नंबर जर दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी जेपी असा असेल तर तोच नंबर भारतीय पोस्टाच्या साइटवर पण चालतो, तिकडच्या साइटवर "रवाना" दाखवून हलेनासं झालं की इकडे बघायचं. मुंबईच्या विदेश डाकघरात कस्टमकडे गेलं की कधी दोन दिवसांत सुटतं, कधी दोन-तीन आठवडे तसंच दिसतं, त्यात विकणाऱ्याचा काही दोष नसतो. बिल आतही आणि बाहेरही लावायला सांगा, आणि कुरिअरने असेल तर ओळखपत्र मागायचा मेसेज येतो तो फसवणुकीचा समजून पुसू नका, मी एकदा पुसला आणि पेन परत टोकियोला गेलं. खात्री करायची तर मेसेजमधल्या लिंकवर न जाता कुरिअरच्या साइटवर आपला नंबर टाकून बघायचं.

तासगावची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस परत परत वाचलं. डोंबिवलीकर दादा, तुमचं पण बरोबर आहे, पण बाबांना दुकानातलं पेन मी कधीही देऊ शकते, हे मला त्यांच्या अक्षरासाठी करून घ्यायचं होतं म्हणून जीव अडकलाय.

लेथवाले दादा, बाबा उजव्या हाताने लिहितात. तुम्ही सांगितलं तसंच लिहिलं मी त्यांना, हिंदीत, आणि बँकेतल्या ताईंनी सांगितलं तसं शेवटी ३० जून तारीख पण टाकली. रागाचं एक वाक्य लिहिलं होतं ते काढून टाकलं. आणि झालेल्या दांड्याचा फोटो मागितला.

काल रात्री बाबांना पण सांगून टाकलं, मला आता ते पोटात ठेवणं होत नव्हतं. ते काहीच बोलले नाहीत आधी, मग म्हणाले किती लोकांची पेनं बाकी असतील गं त्याच्याकडे, आणि मग विचारलं हिरवं म्हणजे कसं हिरवं.

निळी_दौत

ताई, फोटो आला की इथे टाका, आम्ही पण वाट बघतोय. आणि आला नाही तर १ जुलैला १९१५ वर फोन करा, तारीख दिलीय तर पाळा.

तासगावची_लेक

२६ जून. फोटो आला!! खालच्या लिंकवर टाकलाय बघा.

मेसेज पाठवल्यावर चार दिवस काही नाही, पाचव्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांचा स्वतःचा फोन. लेथवाले दादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. पेन मार्चमध्येच तयार होतं, निबा घासायला ज्यांच्याकडे देतात ते आजारी आहेत आणि अशी अकरा पेनं अडकलीयत. मला सांगायला लाज वाटत होती म्हणाले. मी म्हटलं मला तेवढंच सांगितलं असतं तर मी मार्चमध्येच साधी निब चालेल म्हटलं असतं. थोडा वेळ दोघं गप्प. मग म्हणाले आज बी निब बसवतो, लिहून बघतो आणि उद्या स्पीड पोस्ट करतो, घासायचे पैसे परत करतो. ८०० रुपये संध्याकाळी आले खात्यावर. पार्सलचा नंबर पण आलाय, आज कोल्हापूरला पोचलेलं दिसतंय.

फोटोत एका कागदावर त्यांनी त्याच पेनाने बाबांचं नाव लिहून पाठवलंय, देवनागरीत, अक्षरं जरा अडखळत काढलीयत कारण त्यांना ही लिपी सवयीची नाही. बाबांनी फोन हातात घेऊन तो कागद मोठा करून बघितला आणि म्हणाले निब चांगली ओली चालतेय.

आता एकच विचारायचंय. आल्यावर लगेच शाई भरायची का? ड्रॉपरचं पेन आमच्याकडे लहानपणी होतं पण आता काही आठवत नाही. बाबांकडे कॅमलची रॉयल ब्लू आहे, तीच चालेल ना?

लेथवरचा_कोल्हापूर

फोटो बघितला, लाटा टोपणापासून दांड्यापर्यंत जुळल्यात, हात चांगला आहे त्याचा. मन भरून आलं.

कॅमलची रॉयल ब्लू उत्तम. वॉटरप्रूफ ड्रॉइंगची शाई मात्र चुकूनही नको, निबेखालच्या जिभेत बसली की निघत नाही. आल्यावर आधी निबेचं युनिट सुटं करा, साध्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून त्यातून धुवा, लेथचं तेल राहिलेलं असतं आणि त्याने शाई नीट उतरत नाही. गरम पाणी नको. मग नुसत्या पाण्यात दोनदा, आणि रात्रभर कापडावर वाळू द्या. दांड्याच्या आतल्या आट्यांना सिलिकॉन ग्रीस अगदी नखभर लावायचं, ग्रीस नसेल तर थांबा पण व्हॅसलीन लावू नका. शाई ड्रॉपरने आट्यांच्या जरा खालपर्यंत भरा. पाव भाग उरली की लगेच परत भरायला सांगा बाबांना, कारण दांडा रिकामा होत आला की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि पेन शाई ओकतं, नेमकं कागद भरत आला की ओकतं. आणि उन्हात खिडकीत ठेवू नका, एबोनाइटचा हिरवा उन्हाने तपकिरी पडत जातो.

निब घासायची झाली की युनिट माझ्याकडे पाठवा. मी भिंगाखाली करतो, हळूहळू, रविवारी. बाबांच्या हातचं अर्धं पान लिहिलेलं सोबत द्या, ते कुठल्या कोनात पेन धरतात ते त्यावरून कळेल.